अर्धा पत्ता: जुन्या लष्करी पिस्तुलाचा इतिहास कसा शोधायचा

जुनं लष्करी पिस्तूल समोर आलं की आपण आधी अक्षरं शोधतो, आणि बऱ्याचदा सगळ्यात ठळक अक्षरंच आपल्याला चकवतात. जर्मन लुगर पिस्तुलाच्या डाव्या अंगाला सेफ्टीच्या खटक्याजवळ 'गेझिशर्ट' हा शब्द कोरलेला असतो. बघणारा समजतो की हे कारखान्याचं नाव. अर्थ साधा आहे: 'सुरक्षित', म्हणजे सेफ्टी लावलेली आहे. त्याच पिस्तुलाच्या वरच्या एका छोट्या पट्टीच्या कडेला 'गेलाडेन' लिहिलेलं असतं, म्हणजे 'भरलेलं'. काडतूस आत असलं की ती पट्टी किंचित वर उचलते आणि शब्द उघडा पडतो. फ्रेंच रिव्हॉल्व्हरवर १८९२ दिसतं. ते मॉडेलचं वर्ष असतं, ते रिव्हॉल्व्हर बनल्याचं नव्हे. जपानी नाम्बू पिस्तुलावर मागच्या बाजूला १८.६ असा आकडा असतो. मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा 'जून १९१८' असं वाचून मोकळा झालो होतो. तो जून १९४३ निघाला. कसा, ते पुढे येईल.

पिस्तुलावरचा प्रत्येक ठसा कुठल्या तरी एकाच प्रश्नाचं उत्तर देतो. कोणी बनवलं, कोणी तपासलं, कुठल्या सैन्याने घेतलं, कुठल्या तुकडीला दिलं, कोणी दुरुस्त केलं, कोणी विकून टाकलं. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की गोष्ट बिघडते. आणि ज्याच्यावर सगळ्यांचा भरवसा असतो तो नंबर तर निव्वळ अर्धा पत्ता आहे. घर क्रमांक आहे, गल्ली नाही.

पण शोधाला लागण्याआधी पिस्तूल रिकामं आहे का ते बघा. 'आजोबांच्या वेळचं आहे, त्यात काय असणार' हे वाक्य बाजूला ठेवा. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब. मॅगझिनवालं, म्हणजे गोळ्यांची काढता येणारी पेटी असलेलं पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन बाहेर काढायचं, मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागेत, डोकवायचं. हा क्रम उलटा झाला, तर मागे ओढलेली स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये ढकलते. मग मॅगझिन काढूनही पिस्तूल भरलेलंच राहतं. ठासणीच्या पिस्तुलाची गोष्ट आणखी वेगळी. त्यात मॅगझिन नाही, उघडून बघायला काही नाही, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे: लाकडी काठी नळीच्या तोंडातून हलकेच आत टेकेपर्यंत सोडायची, तोंडाशी काठीवर खूण करायची, मग काठी बाहेर काढून, खूण नळीच्या तोंडाशी जुळवून, नळीच्या शेजारी धरायची. काठीचं टोक काना, म्हणजे ठिणगी आत जाण्याचं छिद्र, तिथपर्यंत पोचत असेल तर नळी रिकामी. दोन-तीन सेंटीमीटर अलीकडेच थांबत असेल, तर आत काहीतरी बसलेलं आहे. ते स्वतः उकरू नका, जाणकाराला बोलवा.

कायद्याचंही आधीच बघा. अमेरिकेतला संघीय कायदा १८९८ किंवा त्याआधी बनलेल्या शस्त्राला प्राचीन वस्तू मानतो. इतर देशांचे निकष वेगळे आहेत, काही ठिकाणी शस्त्र कायमचं निकामी केल्याचा दाखला लागतो. विनापरवाना पिस्तूल घरात सापडलं असेल तर ते पिशवीत घालून 'दाखवायला' घेऊन बाहेर पडणं हा सगळ्यात वाईट मार्ग. ते जागच्या जागी ठेवा आणि पुढे काय करायचं ते अधिकाऱ्यांना फोनवर विचारा.

आता हात शिवशिवतील ते साफ करायला. नको. पॉलिश नको, तारेचा ब्रश नको, लाकडी मुठीला सँडपेपर तर अजिबात नको. गंजावर पातळ तेलाचं बोट फिरवलं तरी पुष्कळ झालं. कारण ज्यावरून पुढे सगळं ठरणार आहे ते ठसे दाभणाच्या टोकाएवढे असतात आणि मिलिमीटरच्या काही अंशांइतकेच खोल. एका दुपारच्या चकचकीत घासकामात शंभर वर्षांचा पुरावा पुसला जातो.

ठसे वाचायला महागडं काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक टॉर्च. खोलीतले दिवे बंद करा, टॉर्च पिस्तुलाच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवी धरा. वरून पडणाऱ्या उजेडात सपाट दिसणारा धातू आडव्या उजेडात एकदम बोलायला लागतो: प्रत्येक ठशाच्या एका कडेला सावली पडते आणि नुसती खरवड वाटत होती तिथे मुकुट किंवा गरुड दिसू लागतो. फोटो याच उजेडात काढा, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. काही ठसे मुठीच्या पट्ट्यांखाली लपलेले असतात. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा पेचकस असेल तरच त्या उघडा. बोथट पेचकसाने चेचलेले स्क्रू पुढचा प्रत्येक जण बघतो आणि मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घालतो.

ओळख पटवताना अक्षरांआधी यंत्रणा बघायची, हा माझा नियम. अक्षरं खोटी मारता येतात, यंत्रणा बदलणं फार महागात जातं. फिरतं चक्र आहे का? असेल तर रिकामी काडतुसं कशी काढायची? नळीसकट पुढचा भाग खाली मोडतो ते बहुधा ब्रिटिश वेब्ली घराण्यातलं. चक्र बाहेर झुलतं ते बऱ्याच अमेरिकन रिव्हॉल्व्हरांचं लक्षण. चक्र जागेवरच राहतं, एकेक काडतूस बाजूच्या झडपेतून ढकलून काढावं लागतं, आणि घोडा मागे ओढला की चक्र पुढे सरकून नळीला घट्ट चिकटतं, असं असेल तर ते रशियन नागाँ, मॉडेल १८९५. त्यात सहा नव्हे, सात गोळ्या बसतात. स्वयंचलित पिस्तुलांत लुगरचा सांधा गुडघ्यासारखा वर दुमडतो. माउझर सी-९६ चं मॅगझिन मुठीत नसून चापाच्या पुढे असतं. अमेरिकन एम-१९११ ला मुठीच्या मागे दाबायची वेगळी सेफ्टी आहे. एवढ्यावरून कुळ कळतं. नाव आणि गाव ठसे सांगतात.

कॅलिबर, म्हणजे नळीच्या आणि गोळीच्या मापाबद्दल थोडक्यात. नुसतं '९ मिमी' म्हणजे काहीच नाही. लुगरचं ९ मिमी काडतूस आणि इटलीच्या बेरेटा १९३४ चं ९ मिमी काडतूस यांच्या लांबीत फरक आहे, जोरातही आहे. लुगरच्या नळीखाली कधी ८,८२ असा आकडा सापडतो. तो त्या एका नळीचा मोजलेला आतला व्यास आहे, मिलिमीटरमध्ये. जर्मन लोक दशांशाला स्वल्पविराम देतात, म्हणून तो तारखेसारखा दिसतो. नवशिके त्यावरून '१८८२ सालचं पिस्तूल' शोधायला निघतात, आणि लुगर तर स्विस सैन्याने पहिल्यांदा स्वीकारलं तेच १९०० मध्ये.

आता ठशांकडे. कारखान्याचा ठसा सगळ्यांत सोपा, निदान शांततेच्या काळात. नाव, कधी गावही, स्पष्ट लिहिलेलं असतं. युद्धाच्या तयारीत मात्र जर्मनीने कारखान्यांची नावं झाकली. पी-३८ पिस्तुलावर 'एसी' ही लहान लिपीतली दोन अक्षरं असतील तर ते वाल्थरचं, 'बीवायएफ' असेल तर माउझरचं, 'सीवायक्यू' असेल तर श्प्रेवेर्कचं. त्याच्या खाली दोन अंक असतील तर ते वर्षाचे: 'एसी' खाली ४१ म्हणजे वाल्थर, १९४१. शत्रूच्या हाती पिस्तूल लागलं तरी कुठला कारखाना किती माल काढतोय हे त्याला कळू नये, एवढाच हेतू. आज ते संकेत कोणालाही ठाऊक आहेत.

प्रूफचा शिक्का वेगळा. नेहमीपेक्षा जास्त दाबाची गोळी झाडून नळी फुटत नाही ना, एवढंच तो सांगतो. ब्रिटनमध्ये हे काम लंडनचं आणि बर्मिंगहॅमचं अशी दोन प्रूफ हाउसं करत आली आहेत. बर्मिंगहॅमचं १८१३ मधलं, लंडनच्या बंदूककारांच्या संस्थेची सनद तर १६३७ ची. बेल्जियममध्ये लिएज शहराची प्रूफ परंपराही तितकीच जुनी. इथे एक मोठी फसगत होते. पिस्तुलावर बर्मिंगहॅमचा 'बीएनपी' शिक्का आहे म्हणून ते ब्रिटिश सैन्याचं, असं लोक ठरवून टाकतात. खरं तर लष्कराची स्वतःची चाचणी असते, तिचे शिक्के निराळे. ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हरवर मुलकी प्रूफचा शिक्का दिसला तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ, सैन्यातून बाहेर पडून ते बाजारात विकलं जाताना त्याची कायद्याप्रमाणे पुन्हा चाचणी झाली. म्हणजे तो शिक्का जन्माचा नसून निवृत्तीचा असतो.

तिसरा ठसा स्वीकृतीचा: 'हा माल सरकारने घेतला.' ब्रिटिशांचा तो रुंद बाण, तीन रेघांचा, कावळ्याच्या पावलासारखा. त्याच्याभोवतीचं अक्षर देश सांगतं. 'सी'च्या पोटात बाण म्हणजे कॅनडा, दोन 'डी'च्या मध्ये बाण म्हणजे ऑस्ट्रेलिया, 'यू'मध्ये बाण म्हणजे दक्षिण आफ्रिका, बाणाखाली 'आय' म्हणजे हिंदुस्थान. त्याआधीच्या, चकमकीच्या दगडाने ठिणगी पाडणाऱ्या पिस्तुलांवर ईस्ट इंडिया कंपनीची खूण सापडते: चार भागांत विभागलेलं बदाम, त्यात कंपनीची आद्याक्षरं, १८०८ च्या सुमारास त्या जागी मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आला. जर्मन नाझी काळात गरुड आणि त्याखाली तपासनीसाचा क्रमांक: वाल्थरच्या पी-३८ वर ३५९, श्प्रेवेर्कच्या पी-३८ वर ८८. अमेरिकेत तपासनीसाच्या नावाची आद्याक्षरंच मारत. रेमिंग्टन रँड आणि इथाका यांच्या एम-१९११ए१ वर 'एफजेए', म्हणजे फ्रँक जे. अॅटवुड, युनियन स्विच अँड सिग्नलच्या पिस्तुलावर 'आरसीडी', म्हणजे रॉबर्ट सी. डाउनी. कारखाना आणि तपासनीस यांची जोडी जुळत नसेल, तर थांबून विचार करायला हवा.

कोणी बनवलं आणि कोणी वापरलं या दोन गोष्टी किती दूर जाऊ शकतात, याचं माझं आवडतं उदाहरण ब्राउनिंग हाय-पॉवर. १९३५ चं बेल्जियन पिस्तूल. १९४० मध्ये जर्मनांनी बेल्जियम व्यापलं आणि तोच कारखाना जर्मन सैन्यासाठी चालवला, म्हणून बेल्जियन नाव आणि जर्मन गरुड एकाच स्लाइडवर भेटतात. तिकडे कॅनडातल्या टोरंटोमध्ये जॉन इंग्लिस कंपनीने तेच पिस्तूल चीनसाठी बनवलं. त्यावर सहा चिनी अक्षरं असतात आणि नंबरात 'सीएच'. बाकीच्यांसाठी बनवलेल्यांच्या नंबरात 'टी'. बेल्जियन आराखडा, कॅनडातला कारखाना, चिनी मालकी. चिनी अक्षरं बघून हे चीनमध्ये बनवलेलं आहे असं छातीठोकपणे सांगणारे मी पाहिले आहेत.

वर्ष काढताना आधी विचारायचं की ते कोणाच्या पंचांगातलं आहे. नाम्बूवरचा १८.६ हा जपानी शोवा शकातला आहे. सम्राट हिरोहितोंच्या कारकिर्दीपासून मोजलेला तो शक १९२६ च्या शेवटी सुरू झाला, म्हणून शोवा वर्षात १९२५ मिळवायचे: १८ अधिक १९२५, म्हणजे १९४३, आणि ६ म्हणजे जून. गंमत अशी की त्या पिस्तुलाचं नाव 'टाइप १४', आणि ते १४ आधीच्या ताइशो शकातले, म्हणजे १९२५. एकाच पिस्तुलावर दोन सम्राटांची दोन पंचांगं. इटलीच्या बेरेटावर १९४२ च्या शेजारी रोमन वीस असतात. मुसोलिनीची राजवट ऑक्टोबर १९२२ पासून मोजत, तिचं ते विसावं वर्ष. ही जोडी तपासणीलाही कामी येते. १९४२ शेजारी रोमन सतरा दिसले, तर कोणीतरी गडबड केली आहे.

आता नंबर. एक लुगर टेबलावर ठेवल्यासारखं डोळ्यांसमोर आणा. वर गुडघ्याच्या सांध्यावर 'डीडब्ल्यूएम' ही एकमेकांत गुंफलेली अक्षरं, म्हणजे बर्लिनचा कारखाना. चेंबरवर १९१७. नंबर ४३२१, आणि त्याच्याखाली वळणदार लिपीत लहान 'सी'. हे अक्षर बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं, आणि खरी गंमत त्यातच आहे. जर्मन लष्करी लुगरची मोजणी दरवर्षी पुन्हा एकपासून सुरू व्हायची. दहा हजार झाले की पुढच्या दहा हजारांना 'ए' अक्षर, मग 'बी', मग 'सी'. म्हणजे हे पिस्तूल त्या वर्षीच्या मोजणीतलं साधारण चौतीस हजार तीनशे एकविसावं. अक्षर सोडलं तर ४३२१ हा नंबर त्याच वर्षी, त्याच कारखान्यात कितीतरी पिस्तुलांवर पडला. वर्ष सोडलं तर दरवर्षी पडला. कारखाना सोडला तर एरफुर्टच्या सरकारी कारखान्यातही पडला. 'माझ्या लुगरचा नंबर ४३२१ आहे, ते कोणाचं होतं?' या प्रश्नाला उत्तर का नसतं, ते यावरून कळावं. कारखाना, वर्ष, नंबर आणि अक्षर, चारही मिळून पूर्ण पत्ता होतो.

अजून बघूया. १९१७ च्या वर आणखी एक आकडा आहे, १९२०. हे बनवल्याचं वर्ष नाही. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखावर आणलं, तेव्हा सरकारी मालकीच्या शस्त्रांवर मारलेली ती खूण. म्हणजे हे पिस्तूल एका सैनिकाच्या खिशातून घरी गेलं नाही. निदान १९२० मध्ये ते सरकारकडेच होतं. मग सुटे भाग तपासायचे. लुगरच्या जवळपास प्रत्येक छोट्या भागावर नंबरातले शेवटचे दोन आकडे असतात. चाप २१, सेफ्टी २१, बाजूची पट्टी २१. चापाच्या वरच्या दुसऱ्या एका छोट्या भागावर मात्र ६७. हा भाग कधीतरी बदलला गेला. त्यामुळे पिस्तूल बनावट ठरत नाही. संग्राहकांच्या बाजारात त्याची किंमत तेवढी उतरते.

हाच निकष एम-१९११ए१ ला लावला की मोठी फसगत होते. त्याच्यावर नंबर सहसा फक्त सांगाड्यावर, म्हणजे मुठीसकटच्या खालच्या मुख्य भागावर असतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने कारखान्यांना नंबरांचे गट वाटून दिले होते, म्हणून सांगाड्याच्या नंबरावरून कारखाना कळतो. स्लाइडवर मात्र दुसऱ्याच कारखान्याचं नाव असू शकतं. लष्करी दुरुस्ती कोठारात शंभर पिस्तुलं सुटी करून भाग वेगवेगळ्या पेट्यांत टाकत आणि हाताला येतील तसे पुन्हा जुळवत. इथाकाचा सांगाडा, टंकलेखन यंत्रं बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडची स्लाइड, नळी आणखी कोणाची. ते लष्करी जीवन जगलेलं अस्सल पिस्तूल आहे. सगळं जुळलेलं पण संशयास्पद नवं दिसणारं पिस्तूल त्यापेक्षा मला जास्त खटकतं.

दुरुस्तीच्याही खुणा असतात आणि त्या वाचायला मजा येते. नागाँवर ताऱ्याचा ठसा रशियातल्या 'तुला' गावच्या कारखान्याचा. त्याच्या जोडीला चौकोनात तिरकी रेघ दिसली तर ते सोव्हिएत कोठारात पुन्हा दुरुस्त झालेलं आहे. ब्रिटिश एनफील्ड रिव्हॉल्व्हरच्या घोड्याला बऱ्याचदा अंगठ्याने ओढायची जीभच नसते. ती तुटलेली नाही, मुद्दाम काढलेली आहे. वेब्ली मार्क सहाची कथा तर सरळ आयुष्यवृत्तान्त आहे. १९१५ मध्ये स्वीकारलेलं, .४५५ काडतुसाचं. दुसऱ्या महायुद्धानंतर ढिगाने अमेरिकेत विकलं गेलं, तिथे ते काडतूस सहज मिळेना, म्हणून चक्राची मागची बाजू खरवडून त्यात '.४५ एसीपी' या अमेरिकन काडतुसाच्या गोळ्या अर्धचंद्राकृती पट्टीत बसवायची सोय केली. चक्राचा मागचा पातळ भाग बघितला की अटलांटिक ओलांडल्याचा पुरावा हाती येतो. आणि एक धोकाही: .४५ एसीपीचा दाब त्या रिव्हॉल्व्हरला झेपण्याइतका कमी नाही.

खोटेपणा पकडायचा तर मुलाम्याकडे बघा. निळसर काळ्या मुलाम्याला ब्लूइंग म्हणतात. नंतर पुन्हा मुलामा करताना आधी घासावं लागतं, आणि घासलं की धारदार कडा गोल होतात, अक्षरांच्या बाजू वाहून गेल्यासारख्या दिसतात, स्क्रूच्या छिद्रांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो. लुगरचा चाप आणि सेफ्टीसारखे छोटे भाग सुरुवातीला गवताच्या पिवळसर रंगाचे असत. १९३७ पासून लुगर बनवणाऱ्या माउझरने तेही निळे करायला घेतले. तेव्हा १९१७ च्या लुगरवर निळा चाप म्हणजे पुन्हा मुलामा, किंवा बदललेला भाग. १९४३ च्या रेमिंग्टन रँडवर आरशासारखी निळी झळाळी असेल, तर कोणीतरी हौस केली आहे; तेव्हा ती पार्करायझिंगची, म्हणजे राखाडी, बिनचमकीच्या मुलाम्याची येत.

ठसा मुलाम्याआधीचा की नंतरचा, हेही भिंगातून कळतं. आधी मारला असेल तर खाचेच्या तळाशीही तोच रंग असतो. नंतर मारला असेल तर तळ उघडा आणि कडेला धातू किंचित वर आलेला. पण यावरून लगेच निकाल देऊ नका, कारण काही कारखान्यांत काही शिक्के रिवाजानेच मुलाम्यानंतर मारत. त्या मॉडेलचा क्रम माहीत असेल तरच हा पुरावा चालतो. अफगाण सीमेवरच्या डोंगराळ पट्ट्यात, दर्रा आदमखेलसारख्या ठिकाणी हाताने बनवलेल्या नकलांना मात्र भिंगही लागत नाही: उलटं 'एन', चुकलेलं स्पेलिंग, ब्रिटिश मुकुट पण बाण भलत्याच जागी. मला त्या नकला आवडतात. निरक्षर कारागीर अक्षराला चित्र समजून कोरत होता, आणि यंत्रणा बऱ्याचदा चालते.

लाखात एक दिसणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत जास्त सावध. शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीने एम-१९११ए१ ची फक्त ५०० पिस्तुलं बनवली, नंबर एस८००००१ ते एस८००५००. एवढी दुर्मीळ वस्तू म्हटल्यावर नकली सिंगर बाजारात येणारच, आणि येतातही.

ठसे संपले की कागद. इथे अपेक्षा आधीच खाली आणलेली बरी. कोल्ट कंपनीचा अभिलेख विभाग शुल्क घेऊन नंबरावरून पत्र देतो: पिस्तूल कोणत्या तारखेला कारखान्यातून निघालं, कुठे पाठवलं, त्या खेपेत किती होती. स्मिथ अँड वेसनच्या बाबतीत हे काम त्यांचं ऐतिहासिक प्रतिष्ठान करतं. पत्रात बहुतेक एखाद्या सरकारी शस्त्रागाराचं नाव येतं, सैनिकाचं येत नाही. सैन्य पिस्तुलं तुकडीला द्यायचं. तुकडीतली नोंदवही कामाची होती तोवर ठेवली गेली आणि मग टाकून दिली गेली.

जर्मन पिस्तुलांवर तुकडीचे ठसे असतात, म्हणून तिथे थोडी जास्त आशा. मुठीच्या पुढच्या कडेवर '१४५. आर. ९. १२.' असं काही असेल तर ते १४५ वी पायदळ रेजिमेंट, नववी कंपनी, बारावं शस्त्र. इथून रेजिमेंटचा इतिहास सापडतो, ती कुठे लढली ते कळतं. पुढची पायरी मात्र बऱ्याचदा जळलेली आहे: पॉट्सडॅमचा सैन्य अभिलेखागार एप्रिल १९४५ मधल्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला. अमेरिकेत सेंट लुइसमध्ये १२ जुलै १९७३ ला आग लागली आणि सैनिकांच्या १.६ ते १.८ कोटी फायली गेल्या. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धातल्या साध्या सैनिकांच्या नोंदींचा मोठा भाग १९४० च्या बॉम्बफेकीत जळाला. जे वाचलं त्याला आजही 'जळके कागद' म्हणतात, लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ३६३ या क्रमांकाखाली. शेजारच्या डब्ल्यूओ ९५ मध्ये तुकड्यांच्या युद्ध-रोजनिश्या आहेत. माणूस माहीत असेल आणि पिस्तुलाचा प्रवास जुळवायचा असेल, तर रोजनिशी हाच खरा मार्ग.

ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या बाबतीत एक पळवाट आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत अधिकारी आपलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशाने घेत. म्हणून त्यावर सरकारी बाण नसतो, विक्रेत्याचं नाव असतं: विल्किन्सन, किंवा आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी. बाण नाही म्हणून 'हे लष्करी नव्हे' म्हणणारे इथे फसतात. आणि अशा विकत घेतलेल्या शस्त्रावर माणसाने आपलं नाव कोरलेलं असण्याची शक्यता सरकारी पिस्तुलापेक्षा कितीतरी जास्त.

घरातल्या कथेचं काय करायचं? ऐकायची, लिहून ठेवायची आणि धातूपुढे उभी करायची. 'आजोबांनी १९४५ मध्ये युरोपातून सोबत आणलं' असं एखाद्या अमेरिकन घरात सांगतात. पण नळीवर बारीक अक्षरात आयात करणाऱ्या कंपनीचं नाव आणि गाव आहे. १९६८ च्या कायद्याने अमेरिकेत आयात शस्त्रावर अशी खूण सक्तीची झाली. म्हणजे हे पिस्तूल व्यापाऱ्यामार्फत आलं, सैनिकाच्या पिशवीतून नाही. आजोबा खोटं बोलले असंही नाही; कदाचित त्यांचं पिस्तूल विकलं गेलं आणि मुलाने तसंच दुसरं घेतलं. उलट बाजूही असते. लुटीतलं शस्त्र घरी न्यायला अमेरिकन सैनिकाला कमांडरच्या सहीचा कागद लागायचा. तो कागद पिस्तुलासोबत टिकला असेल आणि त्यात नंबर असेल, तर चारही बाजूंनी पत्ता पूर्ण होतो. असा कागद जपून ठेवा, आणि त्याला पिस्तुलापासून वेगळा करू नका. मूळ म्यानही, म्हणजे होल्स्टरही, तसंच: झाकणाच्या आतल्या बाजूला, शिवणीजवळ, शाईने लिहिलेलं नाव किंवा कारखान्याचा ठसा आणि वर्ष असू शकतं. पिस्तुलाच्या आणि म्यानाच्या वर्षात दहाएक वर्षांचं अंतर असेल तर ते दोघे नंतर भेटले.

ब्रिटिश रिव्हॉल्व्हरवर कधी दोन रुंद बाण टोकाला टोक लावून उभे दिसतात. लष्करी नोकरी संपली, सरकारने विकून टाकलं, असा त्याचा अर्थ. त्या ठशानंतर कुठल्याही अभिलेखागारात त्याच्याबद्दल एक ओळ सापडणार नाही. त्यापुढचं सगळं कोणाच्या तरी घरातल्या माणसाला ठाऊक असतं, आणि तो माणूस बहुधा ऐंशीच्या पुढचा असतो. तेव्हा भिंग आणि टॉर्च उद्यासाठी ठेवा. आज एका कागदावर कारखाना, वर्ष, नंबर, अक्षर लिहा, खाली त्याच्या तोंडची हकीकत त्याच्याच शब्दांत लिहा, तारीख टाका, आणि तो कागद पेटीत पिस्तुलाच्या खाली सरकवा.